पहिल्या फेरीला पाकिटं कमी, वेळ जास्त

ठाणे स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांसाठी काही करावंसं वाटतंय म्हणालात, फार बरं वाटलं. पण पहिल्याच रात्री जेवणाची ५० पाकिटं घेऊन निघू नका. वाटप, फोटो आणि घरी, ही नवख्यांची नेहमीची चूक. स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखाली किंवा तलावपाळीला (मासुंदा तलावाकाठी) दोघा-तिघांशीच बोला. "काका, जेवलात का?" एवढं पुरे. नाव सांगितलं तर पुढच्या वेळी त्याच नावाने हाक मारा. त्या हाकेने चेहरा कसा उजळतो ते बघाच.

- झोपलेल्याला उठवू नका. फोटो नकोच.
- काय हवंय ते विचारा. वडापाव कुणी ना कुणी देतंच. पावसाळ्यात ताडपत्री, साबण, सॅनिटरी पॅड यांची आठवण कुणाला होत नाही. दात नसलेल्या आजींना मऊ खिचडी न्या.
- एकटं मूल दिसलं तर १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन), कुणी खूप आजारी असेल तर १०८ (रुग्णवाहिका) ला फोन करा.

आपण दिलेलं त्यांनी दुसऱ्याला दिलं तर रागावू नका. दोन केळ्यांतलं एक शेजारच्या पोराला देणारी आजी मी पाहिली आहे. कोण उपाशी आहे, हे त्यांना आपल्याआधी कळतं.

आधारकार्ड, निवारा केंद्र हे सगळं नंतर बोलू. या शनिवारी फक्त भेटून या.