कागद पालथा घालू नकोस

नाशिक,
श्रावणातला सोमवार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा मी तुझ्या टेबलापाशी आलो आणि तू हातातला कागद झटकन पालथा घातलास. पण मला दिसला होता. सुटा भाग पक्का धरणाऱ्या फिक्स्चरचे जबडे काढता काढता तू त्यांना पाय आणि डोळे लावून खेकडा केला होतास. "सॉरी काका, उगाच टाइमपास," म्हणालीस. ते सॉरी मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

कामाला लागून दोन वर्षं झाली नाहीत, आणि कशाचंच नवल वाटेनासं झालं म्हणतेस. वाढत्या वयाला बोल लावतेस. वयाचा काही संबंध नाही गं. "माहीत आहे" म्हणायची सवय लागली की नवल आटतं. पस्तिशीत सुपरवायझर झाल्यावर माझं तेच झालं होतं. मुलाला स्कूटरवर पुढे उभं करून होळकर पुलावरून चाललो होतो. त्यानं विचारलं, "बाबा, नदी रात्री झोपते का?" मी म्हणालो, "नीट धरून उभा राहा." त्या पुलावर त्यानं मला पुन्हा काही विचारलं नाही. आज तो चाळिशीला आला, तरी मला ते लागतं.

मला परत जागं केलं ते एका छिन्नीनं. पोलादाला पाणी दिलं की ते कडक होतं, पण ठिसूळही होतं, म्हणून परत थोडं तापवायचं, हे तुला ठाऊक आहे. हल्ली भट्टीवर आकडा लावून मोकळं होतात. त्या दिवशी मी टोक पॉलिश पेपरनं चकचकीत घासलं आणि मागून हळूहळू आच दिली. साधारण 220 अंशांच्या पुढे वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला. मग तपकिरी, मग जांभळा, आणि 300च्या आसपास मोराच्या मानेसारखा निळा. रंग टोकाकडे सरकत होते, चालत यावेत तसे. हजार वेळा केलेलं काम, पण त्या दिवशी प्रश्न पडला: हा रंग येतो कुठून? पोलादात तर नाही. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिपातळ थर धरतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूनं परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, आणि थर जाड होईल तसा रंग बदलतो. साबणाच्या फुग्यावर रंग खेळतात तेही याच कारणानं. लहानपणी ज्याच्यामागे धावलो तो फुगा छिन्नीच्या टोकावर बसला होता! कारण कळलं म्हणून नवल कमी झालं नाही, वाढलं.

आपल्याच जिल्ह्यातले दादासाहेब फाळके बघ. 1870 साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. पडद्यावर हलणारी चित्रं पाहून त्यांना वेड लागलं तेव्हा ते चाळिशीचे होते, घर-संसार अंगावर होता. 1912 साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा लावून महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. मग पडद्यावर क्षणात दाणा रुजला, अंकुर फुटला, वेल वर चढला. तेवढीशी फिल्म पाहून भांडवल देणारे पुढे आले. 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांनी आपल्या लहानग्या मंदाकिनीला कृष्ण केलं. कल्पना तर सगळ्यांनाच सुचतात. मला कौतुक वाटतं ते रोज कुंडीपाशी जाऊन बसण्याचं. नवलाला असा चिकटपणा लागतो, एरवी ते दोन दिवसांत विरतं.

म्हणून लांब कुठे जाऊ नकोस. आपल्याकडे गोदावरीला पूर आला की लोक घाटावरच्या मूर्तीकडे बघून विचारतात, "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, असं पाणी मोजतात. तू दिवसभर मापं घ्यायला व्हर्नियर हातात धरतेस. आख्ख्या गावानं मारुतीला मोजपट्टी केलंय, याच्याकडे मापं घेणारी म्हणून एकदा बघ. गंगापूर धरणातून पाणी सोडतील तेव्हा घाटावर जा. मोबाईल खिशात राहू दे.

आणि तो खेकडा मला परत दाखव. त्याच्या नांग्यांमध्ये एक पकड मोठी आणि एक छोटी काढली होतीस ना? आपल्या वाकड्या कास्टिंगला, त्या ओतीव तुकड्याला, फिक्स्चरमध्ये दोन्हीकडून सारखा दाब दिला की तो सरकतो. मी रात्रभर त्या दोन असमान नांग्यांचाच विचार करत होतो.

रविवारी घरी ये. येताना भंगारातून हॅकसॉ ब्लेडचा तुकडा आण, गॅसवर रंग काढू. काकूनं थालीपीठ करायचं कबूल केलंय. मी कालच खिडकीतल्या कुंडीत चार वाटाणे पेरलेत, अजून माती हललेली नाही.

तुझा,
काका