म्युझिक व्हिडिओतला धक्का नेमका येतो कुठून?

प्रश्न : हल्ली कुठलाही म्युझिक व्हिडिओ लावला की रक्त, बंदुका, अंगप्रदर्शन. गाणं कुठेतरी मागे वाजत असतं. पूर्वी गायक समोर उभा राहून गायचा, तेवढ्यावर भागत होतं. हे कधीपासून बिघडलं?

हा ‘पूर्वी’चा काळ आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच लहान आहे. म्युझिक व्हिडिओ दाखवणारी वाहिनी एमटीव्ही अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली. त्याच वर्षी ड्युरान ड्युरान या ब्रिटिश बँडचा ‘गर्ल्स ऑन फिल्म’ आला आणि त्यातली उघडीवाघडी दृश्यं टीव्हीसाठी कापावी लागली. १९८३ मध्ये मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ आला. दिग्दर्शक जॉन लँडिस सिनेमातले. अल्बमवर सहा मिनिटांचं असलेलं गाणं पडद्यावर जवळजवळ चौदा मिनिटांचं झालं. मॅडोनाचा ‘जस्टिफाय माय लव्ह’ दाखवायला १९९० मध्ये एमटीव्हीने नकार दिला, तेव्हा तो सरळ व्हिडिओ कॅसेटवर विकला गेला. धक्का काय किंवा सिनेमा काय, दोन्ही या प्रकाराच्या जन्मापासूनचे सोबती आहेत.

बदलला आहे तो दारावरचा माणूस. तेव्हा काय दाखवायचं हे वाहिनी ठरवायची आणि कापलं तरी गाणं लागायचं. आता निर्णय प्रेक्षकाच्या अंगठ्यावर आहे. तो पुढे सरकायच्या आत त्याला धरून ठेवायचं म्हणून सगळ्यात भडक शॉट पहिल्या पाच-दहा सेकंदांत आणि व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्रावर येतो. गाण्याचा सूर अजून लागलेला नसतो, शब्द कानावर पडलेले नसतात, त्यामुळे तो शॉट कशाबद्दल आहे हेच कळत नाही. तुमची तक्रार आम्हाला रास्त वाटते ती इथे. कडव्यातल्या एखाद्या ओळीपाशी आलेलं भीषण दृश्य अंगावर येतं आणि लक्षातही राहतं. तेच दृश्य आधी आणून ठेवलं की नुसतं बटबटीत होतं. पारखायचं असेल तर तो शॉट मनातल्या मनात काढून टाका आणि गाणं पुन्हा ऐका. काहीच हरवलं नाही असं वाटलं, तर तो गाण्यासाठी नव्हताच.

प्रश्न : आमच्या व्हिडिओत मधेच दोन मिनिटांचा संवादाचा प्रसंग टाकला आहे. बघणारे म्हणतात, ‘गाणं तुटतं.’ सिनेमासारखं करायचंच नाही का?

करा, पण दोन मिनिटं फार झाली. ऐकणाऱ्याच्या डोक्यात ठेका चालूच असतो. गाणं थांबलं तरी तो मोजत राहतो, आणि तुम्ही समेवर, म्हणजे तालाच्या फेरीच्या पहिल्या ठोक्यावर, परत आला नाहीत तर त्याला ठेच लागते. ‘तुटतं’ म्हणतात ते हेच.

गाण्याची लय मिनिटाला १२० ठोके आणि आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, चार ठोक्यांचं असेल, तर एक आवर्तन बरोबर २ सेकंदांचं. प्रसंग ८ किंवा १६ आवर्तनांत बसवा, म्हणजे १६ किंवा ३२ सेकंद. ३० सेकंदांचा केलात तरी आवर्तनं पूर्ण १५ होतात, पण संगीताची वाक्यं बहुधा चार-चार आवर्तनांची असल्याने परतताना काहीतरी अडल्यासारखं वाटतं. जागा शक्यतो दुसऱ्या ध्रुवपदानंतरची घ्या. तोवर चाल कानात बसलेली असते.

संवादाखाली अख्खं गाणं नुसतं बारीक करू नका. गायकाचे शब्द आणि पात्राचे शब्द एकमेकांवर आदळतात आणि दोन्ही कळेनासे होतात. मिक्सिंग करणाऱ्याकडून आवाज, ताल, बेस (खालच्या सुरांचं वाद्य) आणि बाकीची वाद्यं असे वेगळे ट्रॅक मागून घ्या. संवादाखाली फक्त बेस किंवा लांब धरलेला सूर ठेवा आणि शेवटच्या आवर्तनात ताल आत घ्या. हे ट्रॅक शूटिंगच्या आधीच हातात हवेत. प्रसंग आधी कापून मग त्याखाली संगीत बसवायला गेलं की सेकंद जुळता जुळत नाहीत.

‘थ्रिलर’मध्ये तर गाण्याची रचनाच बदलली होती. कडवी सलग म्हणून घेतली आणि ध्रुवपद प्रेतांच्या नाचापर्यंत राखून ठेवलं. चित्रासाठी गाणं वाकवायचं तर इतक्या विचाराने वाकवावं.

प्रश्न : ठोक्यावर कट दिला तरी तो ‘उशिरा’ वाटतो. काय चुकतं?

बहुधा फ्रेमचा हिशेब. १२० च्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं, असतील तर तो बरोबर १२ फ्रेमवर येतो. २५ असतील तर साडेबारावर, आणि अर्ध्या फ्रेमवर कट देता येत नाही. तिथे मागचीच फ्रेम धरा, पुढची नको. एकूणच कट ठोक्याच्या एक-दोन फ्रेम आधी दिला की नेमका वाटतो, कारण नवं चित्र डोळ्यांत भरायला क्षणभर लागतो. दर वेळी आधीच्या कटपासून १२ फ्रेम मोजत गेलात तर चूक साठत जाते. प्रत्येक कट मूळ ट्रॅकवरच्या ठोक्यापासूनच मोजा.

प्रश्न : लखलखत्या दिव्यांचा व्हिडिओ बघताना आमच्या मुलीला गरगरलं. असे व्हिडिओ घातक असतात का?

काहींसाठी नक्कीच. लखलखाटाने फीट येण्याची प्रवृत्ती काही जणांत असते आणि बऱ्याचदा ती पहिल्या झटक्यापर्यंत कुणालाच ठाऊक नसते. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये एका कार्टून मालिकेतल्या लाल-निळ्या लखलखाटानंतर शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. मुलीला डॉक्टरांना दाखवाच आणि त्यांना तो व्हिडिओही दाखवा. पुन्हा असं काही समोर आलं तर तिला तळहाताने एक डोळा पूर्ण झाकायला आणि तोंड फिरवायला शिकवा. नुसते डोळे मिटून भागत नाही, लखलखाट पापण्यांतूनही जाणवतो. खोलीत दिवा लावून, पडद्यापासून लांब बसून बघणं केव्हाही बरं.

व्हिडिओ करणाऱ्यांसाठी मर्यादा स्पष्ट आहे : सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत, विशेषतः ते पडद्याच्या पाव भागाहून जास्त जागा व्यापत असतील तर. गडद लाल रंग विशेष धोक्याचा. १२० च्या लयीत प्रत्येक ठोक्याला दिवा चमकला तर सेकंदाला दोन होतात, ते चालतं. अर्ध्या ठोक्यालाही चमकवला की चार झाले. एडिटिंगमध्ये दोन फ्रेम पांढऱ्या, दोन काळ्या असं लावलं तर २५ फ्रेमच्या हिशेबाने सेकंदाला सहाच्या वर जातात. सुरुवातीला इशाऱ्याची पाटी टाकली म्हणजे हे माफ होत नाही. पाटी वाचेपर्यंत पुढचा शॉट आलेला असतो, आणि छोट्या क्लिपमध्ये तर ती कापलेलीच असते.

प्रश्न : बारा वर्षांच्या मुलाला काय दाखवायचं, काय नाही?

यूट्यूबवर वयाची अट घातलेला व्हिडिओ लॉग-इन न करता किंवा अठराच्या आतल्या खात्यावर दिसत नाही. म्हणून त्याचं खातं खऱ्या वयाचं ठेवा आणि मोठ्यांसाठीचे व्हिडिओ गाळणारा ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ चालू करा. ही चाळणी पूर्ण नाही; दुसऱ्याच कुणी टाकलेले तुकडे तिच्यातून निसटतात. गाणं त्याला आवडलेलं असेल तर आधी नुसतं ऐकू द्या, मग व्हिडिओ एकदा सोबत बसून बघा आणि त्याला विचारा, ‘हे दृश्य कुठल्या ओळीवर होतं?’

सांगता आलं नाही तर तेच गाणं पुन्हा लावा, पडदा बंद ठेवून.