डीएसएलआरवर फोटो कॉम्पॅक्टपेक्षा धूसर का येतात?

ऑटोवर ठेवूनही नव्या डीएसएलआरचे फोटो जुन्या कॉम्पॅक्टपेक्षा (खिशात मावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यापेक्षा) धूसर येतात, पुढचे चेहरे नीट आणि मागची रांग गेलेली, तर कॅमेरा सदोष आहे का, असं तुम्ही विचारलंय. पुढचे चेहरे नीट येताहेत म्हणजे लेन्स ठणठणीत आहे. सर्व्हिस सेंटरला पळू नका.

सगळा खेळ सेन्सरच्या, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपच्या आकाराचा. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर जेमतेम ६ बाय ४.५ मिलिमीटर, तुमचा एपीएस-सी (हे त्या सेन्सरच्या आकाराचं नाव) साधारण २३ बाय १५. क्षेत्रफळ बारा-तेरा पट. म्हणून कमी उजेडात तो सरस ठरतो, पण जवळपासून लांबपर्यंतचा स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. एफचा आकडा लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगतो: आकडा मोठा, छिद्र लहान आणि हा पट्टा रुंद. कॉम्पॅक्टवर एफ/३ ला जेवढं स्पष्ट यायचं, तेवढं यायला इथे एफ/११च्या आसपास जावं लागतं. ऑटोला हे कळत नाही. घरात उजेड कमी दिसला की तो अ‍ॅपर्चर, म्हणजे तेच छिद्र, सताड उघडतो.

तेव्हा डायल ए वर (कॅननवर एव्ही) न्या, म्हणजे अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवाल, आणि ग्रुप फोटोला एफ/८ ठेवा. छिद्र लहान झाल्यामुळे आता शटर मंदावेल, म्हणजे जास्त वेळ उघडं राहील. बटण अर्धं दाबून व्ह्यूफाइंडरमधला आकडा बघा: १५ दिसला तर तो १/१५ सेकंद, फोटो हलणारच. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत आलेली) ५५ एमएमवर असेल तर निदान १/८० हवा. तेवढा येईपर्यंत आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवा, १६०० ला बिचकू नका. त्याने फोटोत येणारे थोडे दाणे चालतात, हललेला चेहरा दुरुस्त होत नाही.

फोकस पॉइंटही कॅमेऱ्यावर सोडू नका. तो बहुधा सगळ्यात जवळची वस्तू धरतो, मग ती टेबलावरची फुलदाणी का असेना. एकच पॉइंट निवडा आणि डोळ्यावर ठेवा.

आणि हो, ‘५० एमएम एफ/१.८ घ्या’ हा सल्ला तुम्हाला मिळेलच. लेन्स उत्तम आहे, पण १.८ वर डोळा स्पष्ट आणि कान धूसर असा प्रकार होतो, तुमची तक्रार वाढेल. दोन-तीन महिने किट लेन्सच वापरा. पुढे जुनी लेन्स घ्यायची झाली आणि बॉडी निकॉनच्या डी३००० किंवा डी५००० मालिकेतली असेल, तर एएफ-डी लेन्स (बॉडीतल्या मोटरवर फोकस होणाऱ्या जुन्या निकॉन लेन्स) टाळा. या बॉडींत फोकसची मोटर नसते, फोकस हातानेच फिरवावा लागतो.