स्टोमा घेऊन पहिल्यांदा बाहेर पडताना

स्टोमा म्हणजे मल किंवा लघवी बाहेर पडण्यासाठी शस्त्रक्रियेने पोटावर केलेलं तोंड; त्यावर पिशवी लावलेली असते. तरीही जरूर जा, घाबरून बेत रद्द करू नका.

पिशव्या, फ्लँज (पिशवी पोटाला धरून ठेवणारी चिकट चकती), वाइप्स नेहमीच्या दुप्पट घ्या आणि हातातल्या बॅगेतच ठेवा. चेक-इनच्या सामानात कधीच नाही. ते सामान हरवलं तर अडकाल. फ्लँजचं भोक घरीच कापून न्या, विमानतळावर कात्री अडवू शकतात. उन्हातल्या बंद गाडीत हे सामान ठेवू नका, चिकट थर मऊ पडतो.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. कार्यक्रमात कडेची खुर्ची धरा, म्हणजे त्यासाठी पटकन उठता येईल.

नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे उपाशी राहणं. त्याने उलट गॅस वाढतो. आणि इलिओस्टोमी (लहान आतड्याचा स्टोमा) असेल तर पाणी अजिबात तोडू नका, शरीरातलं पाणी आणि मीठ फार लवकर कमी होतं.