वाचकांचे प्रश्न : शिळावर्तुळात वसलेले एव्हबरी

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतात. येत्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे जात आहोत. जुने चर्च, जुना पब आणि ऐतिहासिक अवशेष एका दिवसात पायी पाहता येतील असे एखादे खेडे सुचवावे. आम्ही दोघेही मद्य घेत नाही. तरी पबमध्ये जाणे योग्य ठरेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याला दूर जावे लागणार नाही. स्विंडनच्या दक्षिणेला, वीस किलोमीटरच्या आत, विल्टशर परगण्यात एव्हबरी हे गाव आहे. डिव्हायझेसकडे जाणारी बस थेट गावात थांबते. या गावाभोवती इ. स. पूर्व २८५० ते २२०० या काळात घडत गेलेला प्रचंड खंदक आणि बांध असून त्याचा घेर सुमारे १.३ किलोमीटर भरतो. खंदकाच्या आतल्या कडेने सार्सन नावाच्या कठीण वालुकाश्माच्या सुमारे शंभर शिळा एकेकाळी उभ्या होत्या. जगातील सर्वांत मोठे शिळावर्तुळ ते हेच. स्टोनहेंज या विल्टशरमधल्याच प्रसिद्ध शिळावर्तुळासह हे स्थळ १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. मात्र स्टोनहेंजला पर्यटकांना एरवी दोरीपलीकडून पाहावे लागते, तर येथे शिळांमधून मोकळेपणाने हिंडता येते, त्यांना हात लावता येतो आणि त्यासाठी तिकीट पडत नाही.

आता, शंभर शिळा होत्या तर इतक्या थोड्या का दिसतात, हा प्रश्न आपल्याला तेथे पडेलच, आणि माझ्या मते एव्हबरीचे खरे मर्म त्याच्याच उत्तरात आहे. चौदाव्या शतकाच्या सुमारास गावकऱ्यांनी अनेक शिळा खड्डे खणून पुरून टाकल्या. १९३८ च्या उत्खननात अशाच एका शिळेखाली एका माणसाचा सांगाडा मिळाला आणि त्याच्याजवळ कात्री व १३२० च्या दशकातील नाणी सापडली. तो न्हावी आणि शल्यवैद्य असावा असे मानतात. शिळा अंगावर पडून तो मेला की आधीच मेलेला होता, याविषयी अभ्यासकांत दुमत आहे. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत शिळा तापवून, त्यांवर गार पाणी ओतून आणि घणाचे घाव घालून त्या फोडण्यात आल्या, आणि ते दगड घरांच्या भिंतींत गेले. विल्यम स्ट्यूकली या पुरातन अवशेषांच्या अभ्यासकाने १७१९ पासून वारंवार येऊन ही मोडतोड पाहिली आणि उरलेल्या शिळांचे नकाशे काढून ठेवले, म्हणून आज आपल्याला मूळ मांडणी कळते. त्याचे ऋण फार मोठे आहे. १९३० च्या दशकात मार्मालेडच्या, म्हणजे संत्र्याच्या मुरंब्याच्या, व्यवसायाचा वारसा लाभलेल्या अलेक्झांडर कायलर यांनी ही जमीन विकत घेतली, पुरलेल्या शिळा पुन्हा उभ्या केल्या आणि नाहीशा झालेल्यांच्या जागी काँक्रीटचे खुंट बसवले. त्यासाठी वर्तुळातली काही घरे मात्र पाडली गेली. त्या रहिवाशांचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पबविषयी आपण निःशंक असावे. ‘रेड लायन’ हा गवताने शाकारलेला पब शिळावर्तुळाच्या आतच आहे. इमारत सतराव्या शतकातली, मूळची शेतकऱ्याच्या घराची, आणि पबचा परवाना १८०२ चा. खेड्यातल्या पबमध्ये कुटुंबे जेवायला येतात, चहा-कॉफी मिळते आणि मद्य न घेण्याचे कोणाला काही वाटत नाही. बहुधा गल्ल्यावर जाऊन स्वतःच पदार्थ सांगावे लागतात. दुपारी काही ठिकाणी स्वयंपाकघर बंद असते, म्हणून आधी विचारून घ्यावे. लंडन-बाथ या जुन्या घोडागाडीच्या रस्त्यावर, याच पॅरिशमधील (स्थानिक ग्रामविभागातील) बेकहॅम्प्टन येथे, ‘वॅगन अँड हॉर्सेस’ ही आणखी एक जुनी वास्तू आहे.

प्रश्न : स्विंडनमध्ये आमच्या गोव्याची पुष्कळ कॅथलिक कुटुंबे राहतात. एव्हबरीचे चर्च कॅथलिक आहे का, आणि आत पाहण्याजोगे काय आहे?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : एव्हबरीचे सेंट जेम्स चर्च आज अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत प्रॉटेस्टंट पंथाचे आहे; परंतु त्याचा मधला भाग सुमारे इ. स. १००० चा, म्हणजे इंग्लंडचे चर्च रोमपासून वेगळे झाले त्या सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या कितीतरी आधीचा असल्याने ते शतकानुशतके कॅथलिक उपासनेचेच स्थान होते. वेदीच्या दालनापुढे असलेला कोरीव लाकडी सज्जा अवश्य पाहावा. क्रूस आणि त्याच्या दोन बाजूंना मारिया व संत योहान यांच्या मूर्ती अशा सज्जांवर असत. सोळाव्या शतकात ते पाडण्याची आज्ञा झाली तेव्हा देशभर बहुतेक नष्ट झाले. एव्हबरीत मात्र तो लाकडी पट्ट्या आणि गिलाव्याच्या भिंतीमागे दडवून ठेवला गेला, आणि १८१० मध्ये तो पुन्हा सापडला. पुढे जीर्णोद्धार करून तो जागेवर बसवण्यात आला. बाप्तिस्म्याच्या नॉर्मनकालीन दगडी कुंडावर हाती दंड घेतलेला बिशप आणि सर्पाकृती प्राणी कोरलेले आहेत.

बरेच प्रवासी शिळा पाहून परत फिरतात आणि हे चर्च राहून जाते, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे. तसेच शिळावर्तुळाच्या आत सुमारे १६७० चे छोटे चॅपल आहे. १६६५ च्या कायद्याने अधिकृत चर्चपासून वेगळ्या झालेल्या धर्मोपदेशकांना सनदी शहरांच्या पाच मैलांच्या आत राहण्यास बंदी घातली होती, आणि एव्हबरी त्या मर्यादेबाहेर पडत असे. या चॅपलच्या भिंतींत फोडलेल्या शिळांचे दगड आहेत.

प्रश्न : एव्हबरीजवळच्या सिल्बरी हिलवर चढता येते का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. इ. स. पूर्व २४०० च्या सुमारास रचलेली, सुमारे ३० मीटर उंचीची ही मानवनिर्मित टेकडी झिजू नये म्हणून चढण्यास मनाई आहे. त्याऐवजी समोरच्या चढावरील वेस्ट केनेट येथील लांब दफनस्थानात जावे. ते सुमारे इ. स. पूर्व ३६५० मधले असून त्यात किमान ३६ माणसांचे अवशेष मिळाले होते. आत अंधार असतो. विजेरी सोबत न्यावी.