‘डिफायन्स’ चित्रपटातील बिएल्स्की बंधूंची कथा कितपत खरी आहे?

एडवर्ड झ्विक यांनी दिग्दर्शित केलेला ‘डिफायन्स’ (२००८) पाहून आपण विचारले आहे की दुसऱ्या महायुद्धात जर्मनांपासून पळालेल्या ज्यूंना जंगलात आसरा देणारे त्यातील तुविया बिएल्स्की आणि त्याचे भाऊ खरोखर होऊन गेले का, आणि पडद्यावर जे दिसते ते तसेच घडले का. माणसे खरी आहेत, जंगल खरे आहे आणि शेवटी जिवंत बाहेर पडलेल्या सुमारे १,२०० ज्यूंचा आकडाही खरा आहे. मात्र रणगाड्याशी झालेली अखेरची लढाई कल्पित आहे. माझी मोठी तक्रार मात्र लढाईबद्दल नाही. या कथेचा सर्वांत विलक्षण भाग चित्रपटाने शेवटच्या पाट्यांमधील दोन-तीन वाक्यांत उरकला आहे, हे मला अधिक खटकते.

बिएल्स्की कुटुंब नोवोग्रुदेक शहराजवळच्या स्तान्केविचे या खेड्यात राहत असे. हा प्रदेश युद्धापूर्वी पोलंडमध्ये होता, आज तो बेलारूसमध्ये आहे. गावातील हे एकमेव ज्यू कुटुंब होते आणि त्यांची स्वतःची गिरणी होती. शहरातील ज्यूंना नसलेल्या दोन गोष्टी त्यामुळे या भावांकडे होत्या : आसपासच्या जंगलाची खडान्‌खडा माहिती आणि शेतकऱ्यांशी लहानपणापासूनची ओळख. तुविया पोलिश सैन्यात नोकरी करून आला होता आणि त्याला अनेक भाषा येत. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि ८ डिसेंबर १९४१ रोजी नोवोग्रुदेकमधील सुमारे ४,००० ज्यूंना एका दिवसात गोळ्या घालून ठार मारण्यात आले. बिएल्स्की बंधूंचे आईवडील, दोन भाऊ, तसेच झुस या भावाची पत्नी आणि तान्ही मुलगी या हत्याकांडात गेली. चित्रपटात आईवडिलांची हत्या युद्धाच्या सुरुवातीलाच, राहत्या घरी होते. कथानक आटोपशीर करण्यासाठी केलेला हा बदल मला समजू शकतो.

तुविया, असाएल आणि झुस या भावांनी १९४२ च्या वसंत ऋतूत जंगलात आपला गट बांधला. तुवियाने नेतृत्व हाती घेतल्यावर ठरवलेले धोरण चित्रपटाने प्रामाणिकपणे मांडले आहे. येईल त्या ज्यूला, मग तो म्हातारा असो, आजारी असो वा लहान मूल असो, गटात घ्यायचे. दहा जर्मन सैनिक मारण्यापेक्षा एका वृद्ध ज्यू स्त्रीला वाचवणे मला अधिक मोलाचे वाटते, अशा आशयाचे तुवियाचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्या काळात हे धोरण किती उफराटे होते, हे लक्षात घ्यायला हवे. सोव्हिएत पार्टिझन तुकड्या, म्हणजे जंगलातून जर्मनांशी गनिमी लढा देणाऱ्या तुकड्या, बहुधा शस्त्र असलेल्या तरुणालाच प्रवेश देत, आणि अनेक ठिकाणी त्यालाही ज्यू म्हणून हाकलून लावत, प्रसंगी ठारही करत. बिएल्स्की गटातही शस्त्रधारी तरुण कुरकुरत असत, कारण खाणारी तोंडे वाढली की अन्नासाठी गावांत जाण्याची जोखीम त्यांनाच घ्यावी लागे. तरीही तुवियाने घेट्टोंमध्ये, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्त्यांमध्ये, वाटाडे पाठवून माणसे बाहेर काढणे थांबवले नाही.

दलदलीचा प्रसंग आपल्याला बहुधा आठवत असेल. चित्रपटात तो १९४२ मध्ये, वल्हांडण या ज्यू सणाच्या सुमारास घडतो आणि दलदल ओलांडताच रणगाडा समोर येतो. प्रत्यक्षात ही घटना १९४३ च्या उन्हाळ्यातील आहे. त्या वेळी जर्मनांनी नालिबोकी जंगलाला वेढा घालून २०,००० हून अधिक सैनिक व पोलीस झडतीसाठी उतरवले होते आणि तुवियाला पकडून देणाऱ्यास मोठे बक्षीस लावले होते. सुमारे ७०० माणसे, त्यांत म्हातारी माणसे आणि मुले, छातीएवढ्या चिखलातून दलदलीतील एका उंचवट्यावर पोहोचली आणि शत्रू निघून जाईपर्यंत उपाशीपोटी तेथे दडून राहिली. रणगाडा आला नाही, बाँब टाकून विजय मिळाला नाही. न लढता, न सापडता निसटणे हेच त्यांचे यश होते. हॉलिवूडच्या अखेरच्या अर्ध्या तासात असे यश बसत नसावे, पण माझ्या मते खरी घटना कल्पित लढाईपेक्षा अधिक थरारक आहे.

त्यानंतर जे उभे राहिले, तोच मी सुरुवातीला म्हटलेला या कथेचा सर्वांत विलक्षण भाग. १९४३ च्या अखेरीस नालिबोकीच्या जंगलात या गटाने कायमची छावणी वसवली. लोक तिला गमतीने आणि अभिमानानेही ‘जेरुसलेम’ म्हणत. जमिनीत अर्धवट पुरलेल्या, वरून फांद्या आणि मातीने झाकलेल्या खोपट्यांच्या रांगा होत्या. सामुदायिक स्वयंपाकघर, बेकरी, पिठाची गिरणी, न्हाणीघर, दवाखाना, टायफस झालेल्यांना वेगळे ठेवण्याची जागा आणि सुमारे ६० मुलांची शाळा होती. एक तुरुंगही होता. चामडे कमावण्याच्या जागेतील कामगार धार्मिक वृत्तीचे असल्याने तेथेच प्रार्थना होत. शिंपी, चांभार, सुतार, घड्याळजी, खोगीर बनवणारे आणि मोडक्या बंदुका दुरुस्त करणारे असे १२५ हून अधिक कारागीर काम करत. आसपासच्या सोव्हिएत तुकड्या आपले बूट, खोगिरे आणि शस्त्रे येथे दुरुस्तीला आणत व बदल्यात धान्य किंवा दारूगोळा देत. ज्यांना हे पार्टिझन निरुपयोगी तोंडे समजत होते, तेच त्यांच्या गरजेचे झाले आणि छावणीला संरक्षण मिळाले. हे तुवियाचे राजकारण होते आणि बंदुकीइतकेच ते कामी आले.

चित्रपटात मुळीच नसलेली आणखी एक घटना सांगायलाच हवी. नोवोग्रुदेकच्या श्रमछावणीत उरलेल्या ज्यूंनी कित्येक महिने खपून सुमारे २५० मीटर लांबीचा भुयारी मार्ग खणला आणि २६ सप्टेंबर १९४३ च्या रात्री, मुसळधार पावसात, २०० हून अधिक माणसे त्यातून बाहेर पडली. त्यांपैकी बरीच मारली गेली, पण वाचलेल्यांतील अनेकजण बिएल्स्की छावणीत पोहोचले.

आता भावांच्या भांडणाविषयी. तुविया आणि झुस यांचे स्वभाव भिन्न होते आणि त्यांचे खटके उडत, पण झुस रागावून सोव्हिएत तुकडीत निघून गेला, हे नाट्यीकरण आहे. सोव्हिएत नेतृत्वानेच १९४३ मध्ये गटाची विभागणी करून लढणाऱ्यांना एका तुकडीत आणि कुटुंबांना दुसऱ्या तुकडीत ठेवले. झुस पहिल्या तुकडीत टेहळणीचा प्रमुख झाला आणि भावांचा संपर्क तुटला नाही. चित्रपटाने एका प्रशासकीय आदेशाला कौटुंबिक कलहाचे रूप दिले, असे म्हणता येईल.

काही अप्रिय गोष्टीही नोंदवायला हव्यात. अन्न गावांतूनच येई आणि ते बहुतेक वेळा बंदुकीच्या धाकाने मिळवले जाई. जर्मन, सोव्हिएत आणि पोलिश अशा सर्व बाजूंनी पिळला जाणारा शेतकरी या प्रत्येकाला लुटारूच समजत असणार, आणि त्यात त्याची चूक होती असे मला म्हणवत नाही. ज्यूंना पकडून देणाऱ्या खबऱ्यांना या गटाने ठार केले, छावणीतील एका विरोधकालाही तुवियाने देहदंड दिला. पोलंडमध्ये चित्रपटावर टीका झाली ती मुख्यतः नालिबोकी गावामुळे. मे १९४३ मध्ये सोव्हिएत पार्टिझनांनी तेथे सुमारे १२८ गावकऱ्यांची हत्या केली आणि त्यात बिएल्स्की गटातील माणसे होती असा आरोप झाला. गटातील हयात लोकांनी तो नाकारला. त्या वेळी त्यांचा तळ दुसरीकडे होता, असे त्यांचे म्हणणे आहे. मला हा आरोप सिद्ध झालेला वाटत नाही, पण चित्रपटाने या प्रदेशातील पोलिश लोकांना जवळजवळ वगळले आहे, ही टीका रास्त आहे.

जुलै १९४४ मध्ये ही माणसे जंगलातून बाहेर आली. असाएलला लाल सैन्यात भरती व्हावे लागले आणि तो १९४५ मध्ये आघाडीवर मारला गेला. तुविया आणि झुस पॅलेस्टाइनला गेले व पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. तेथे तुविया वाहनचालक म्हणून पोट भरत होता आणि १९८७ मध्ये मरण पावला.

म्हणून चित्रपट अवश्य पाहा, डॅनियल क्रेग (तुविया) आणि लीव्ह श्रायबर (झुस) यांचा अभिनय उत्तम आहे. त्यानंतर ज्या पुस्तकावर तो आधारलेला आहे, ते नेहामा टेक यांचे १९९३ चे त्याच नावाचे पुस्तक मिळवून वाचा. टेक स्वतः पोलंडमध्ये ख्रिस्ती मुलगी म्हणून लपून वाचल्या होत्या आणि तुवियाच्या मृत्यूपूर्वी थोडेच दिवस आधी त्यांनी त्याची मुलाखत घेतली होती. छावणीचे दैनंदिन व्यवहार, तेथील स्त्रियांची परिस्थिती आणि आतले हेवेदावे यांबद्दल आपल्याला जे प्रश्न पडतील, त्यांची उत्तरे चित्रपटात नव्हे, त्या पुस्तकात सापडतील.