आयर्लंडमधल्या नॉकसारख्या खेड्याला आंतरराष्ट्रीय विमानतळ कसा काय मिळाला?

तिथल्या चर्चच्या फादरांच्या हट्टामुळे. ऑगस्ट १८७९मध्ये, भर पावसात, चर्चच्या दक्षिणेकडच्या भिंतीपाशी येशूची आई मरिया, तिचा पती योसेफ आणि येशूचा शिष्य संत योहान यांचं दर्शन झाल्याचं १५ जणांनी सांगितलं आणि मेयो परगण्यातलं हे गाव यात्रेचं ठिकाण झालं. १९७९मध्ये खुद्द पोप येऊन गेले. तिथले हे फादर, म्हणजे धर्मगुरू जेम्स होरन, यांनी विमानतळाचा ध्यास घेतला. दलदलीची, धुक्यातली टेकडी म्हणून टिंगल झाली, सरकारने मध्येच हात आखडता घेतला. या गृहस्थांनी सोडती काढून, वर्गण्या जमवून काम तडीस नेलं. १९८६मध्ये रीतसर उद्घाटन! फक्त विमानतळ गावात नाही, चार्ल्सटाउनजवळ आहे. तिथून नॉक साधारण २० किलोमीटर, तेव्हा पुढच्या गाडीची सोय आधीच बघा.